साभार : गूगल

शाळा डिजिटल झाली. म्हणजे प्रोजेक्टर आला, पडदा आला, भिंतीवर ‘डिजिटल शाळा’ असं तीन रंगांत लिहून झालं, सरपंचांनी फीत कापली. लोकवर्गणीतून आलेल्या प्रत्येक वस्तूवर देणगीदाराचं नाव ठसठशीत उमटलं. पंख्याच्या पात्यांवरसुद्धा.

इंटरनेट तेवढं यायचं राहिलं.

मग गुरुजी काय करतात? तालुक्याच्या गावी, जिथे रेंज येते तिथे, रात्री लॅपटॉप घेऊन बसतात आणि हव्या त्या संकेतस्थळाचं अख्खं बिऱ्हाड पेनड्राइव्हवर उतरवून घेतात. दुसऱ्या दिवशी वर्गात ज्वालामुखी फुटतो, पोरं आ वासून बघतात, तास संपतो.

यात गुन्हा कुठे आहे?

विचारायचा अवकाश, स्टाफरूममध्ये दोन तट पडतात. एक म्हणतो, नेटवर आहे म्हणजे सगळ्यांचंच आहे. दुसरा म्हणतो, कॉपीराइट आहे, तीन वर्षं आत जाल. पहिल्याने कायदा वाचलेला नाही. दुसऱ्याने फक्त शिक्षेचं कलम वाचलेलं आहे.

शिक्षेचं कलम ६३. जाणूनबुजून भंग केला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद, पन्नास हजार ते दोन लाख दंड. वाचून कुणाचंही बोट माउसवरून उठेल. पण १९५७च्या त्याच कायद्यात, अकरा घरं अलीकडे, कलम ५२ राहतं. तिथे कुणी फिरकत नाही. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकवण्याच्या ओघात एखाद्या कृतीची नक्कल केली तर तो कॉपीराइटचा भंग नाही, असं ते कलम सांगतं. त्यात पानांची मर्यादा नाही, टक्केवारी नाही, वरिष्ठांमार्फत अर्ज नाही.

कायदा आपल्या बाजूचा असू शकतो, हेच शिक्षकाला पटत नाही. त्याची आयुष्यभराची सवय परिपत्रकांची.

दिल्लीत याचा एकदा साग्रसंगीत निकाल लागलेला आहे. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी नावाचं झेरॉक्सचं दुकान होतं. प्राध्यापकांनी नेमलेली प्रकरणं वेगवेगळ्या पुस्तकांतून काढायची, एकत्र बांधायची, विद्यार्थ्यांनी ती नेऊन वाचायची. पुस्तकं घ्यायची तर घरचं शेत विकावं लागेल अशा किमती. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस असे तिघे मिळून दिल्ली उच्च न्यायालयात गेले. समोर झेरॉक्सवाला आणि विद्यापीठ.

लेखकांच्या हक्कासाठी चाललेली लढाई. त्यातल्याच काही लेखकांनी प्रकाशकांना लिहिलं, हे थांबवा. अमर्त्य सेन त्यांत होते.

प्रकाशक थांबले नाहीत. १६ सप्टेंबर २०१६ला न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. डिसेंबरात खंडपीठानेही तत्त्व उचलून धरलं. शिकवायला जेवढं लागतं तेवढं घ्या, पानं मोजत बसू नका. या प्रकरणात नेमकं किती लागत होतं, याची छाननी मात्र पुन्हा व्हायला हवी होती. मार्च २०१७मध्ये प्रकाशकांनीच दावा मागे घेतला, छाननी राहूनच गेली. चार वर्षांनी झेरॉक्सवाला सुटला. त्या दरम्यान किती पोरांनी मोबाइलवर पुस्तकांचे फोटो काढून परीक्षा दिल्या असतील, ते कोर्टासमोर आलं नाही.

मग पेनड्राइव्हलाही हेच लागू? खटला कागदाचा होता, पण कायद्यात नक्कल म्हणजे फक्त छापणं नाही. इलेक्ट्रॉनिक साठवणही नक्कलच. तेव्हा गुरुजींनी हवी ती पानं साठवली, पडद्यावर दाखवली, पोरांच्या टॅबमध्ये टाकली, तर कलम ५२चं छप्पर डोक्यावर आहे. मात्र तीच प्रत स्वतःच्या ब्लॉगवर चढवली, की छप्पर संपलं. जगाला वाटणं हा वेगळा हक्क आहे आणि तो मूळ मालकाकडेच राहतो.

वर्गाच्या दाराशी सूट संपते. हे ‘दार’ व्हॉट्सॲपच्या हजार जणांच्या ग्रुपला असतं का, ते ग्रुप ॲडमिनला विचारा.

इथवर कायद्याचं झालं. खरी बोंब शिष्टाचाराची आहे.

एचटीट्रॅक नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. १९९८पासून ते इमानेइतबारे संकेतस्थळं उतरवून देतं. पत्ता टाका, बटण दाबा, जेवायला जा. ते पहिलं पान उघडतं, त्यातला प्रत्येक दुवा धरतं, त्या पानावरचे दुवे धरतं, असं खोल खोल जात राहतं. किती खोल जायचं, हे सांगायची सोय आहे. सांगतो कोण?

परिणाम बघण्यासारखा असतो. हवा होता सूर्यमालेचा एक पाठ. त्या पानाच्या कोपऱ्यात कुणीतरी हौसेने दिनदर्शिका बसवलेली. ‘पुढचा महिना’ हाही यंत्राच्या लेखी एक दुवाच. यंत्राला कंटाळा नाही. पेनड्राइव्ह भरून वाहतो तेव्हा त्यात २०९९ सालापर्यंतचे कोरे महिने सुरक्षित असतात. सूर्यमालेचं चित्र तेवढं उतरलेलं नसतं. तिथे लाल फुली.

पलीकडच्या टोकाला काय चाललेलं असतं? बऱ्याचदा ते संकेतस्थळ कुणा निवृत्त मास्तरांचं. पदरमोड करून वर्षाकाठी होस्टिंगचे पैसे भरायचे, त्यात महिन्याला ठरावीक डेटा. आपलं यंत्र एका रात्रीत हजारो पानं ओढतं. सकाळी मास्तर आपलंच पान उघडतात आणि बँडविड्थ संपल्याची पाटी वाचतात. बाकीच्या शाळांना महिनाअखेरपर्यंत सुट्टी.

उपाय अवघड नाही. वेग कमी ठेवा, एका वेळी दोनच जोडण्या, दोन मागण्यांमध्ये काही सेकंदांची विश्रांती, आणि वेळ उशिराची. हे सगळं त्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये आहे. पण सेटिंगच्या वाटेला न जाणं हे आपलं राष्ट्रीय धोरण आहे.

अपवाद एकच. संकेतस्थळांच्या दारावर एक छोटी फाइल असते, रोबोट्स डॉट टीएक्सटी. मार्टिन कोस्टर यांनी १९९४ साली ही प्रथा सुचवली : यंत्रांनी कुठे यावं, कुठे येऊ नये, ते घरमालकाने लिहून ठेवायचं. सक्ती नाही, पोलीस नाही, फक्त सभ्यपणा. त्याला रीतसर मानकाचा दर्जा मिळायला २०२२ उजाडलं. एचटीट्रॅक आपणहून ही पाटी पाळतं. न पाळण्याचाही पर्याय आत खोल कुठेतरी आहे.

तो मात्र सगळ्यांना सापडतो.

आणि ज्यासाठी एवढा आटापिटा, ते पुष्कळदा आधीच बांधून ठेवलेलं असतं. विकिपीडिया पानापानाने ओरबाडू नका, सगळा मजकूर एकगठ्ठा ठेवलाय तो न्या, असं विकिपीडियावालेच सांगतात. किविक्स नावाचं ॲप तर तोच विकिपीडिया एका फाइलीत देतं, मराठीसुद्धा. एकदा उतरवा, मग नेट गेलं खड्ड्यात. खान अकॅडमीचे पाठ ‘कोलिब्री’मधून विनानेट चालतात. सरकारच्या ‘दीक्षा’ ॲपमध्ये साहित्य उतरवून ठेवायची सोय आहे. एनसीईआरटीचं ‘एनरोअर’ हे मुक्त साहित्याचं भांडार २०१३ सालचं.

सगळं फुकट, परवानगीसकट. म्हणूनच कुणी बघत नसावं.

बदल्यात विकिपीडिया मागतो काय? नाव द्या आणि पुढे देताना तुम्हीही तीच मोकळीक द्या. झालं. आपण नेमकं हेच दोन्ही करत नाही. नाव काढून टाकतो आणि खाली आपल्या शाळेचा वॉटरमार्क तिरका मारतो. ‘सर्व हक्क राखीव’.

यूट्यूबची गंमत आणखी वेगळी. डिसेंबर २०१४मध्ये यूट्यूबने भारतात व्हिडिओ साठवून ठेवायची सोय दिली. मुदत ४८ तास. सोमवारचा तास असेल तर शनिवारी रात्री घाईने उतरवायचं आणि सोमवारी लाइट गेली की मंगळवारी शिळ्या व्हिडिओची माफी मागायची. म्हणून प्रत्येक शाळेत एकजण डाउनलोडरवाला असतो. तो कायदा मोडतो की नाही यावर वकील तास घालवतील. यूट्यूबच्या अटी मात्र तो नक्की मोडतो. त्या अटी ‘मान्य’ म्हणून आपणच टिचकी मारलेली असते, न वाचता, नेहमीच्या सराईतपणे.

आता घरचंच उदाहरण घ्या. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावरून पीडीएफमध्ये फुकट मिळतात, उत्तम सोय. पुस्तक उघडा. आतल्या पानावर बजावलेलं असतं की संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय यातला कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही. महाराष्ट्रातले तमाम सर आणि बाई रोज सकाळी हा भाग फळ्यावर उद्धृत करतात. सगळ्यांनी लेखी परवानगी मागितली तर बालभारतीच्या दारातला सेनापती बापट रस्ता टपालाने बंद पडेल.

कुणी मागत नाही, कुणी पकडत नाही. गाइडवाल्यासाठी लिहिलेलं वाक्य मास्तर वाचतात आणि गाइडवाला वाचत नाही.

आणखी एक भानगड आहे, तिच्याकडे कायदेवाल्यांचंही लक्ष नसतं. संकेतस्थळ बदलत असतं. पेनड्राइव्ह बदलत नाही. २०१३ साली उतरवलेल्या महाराष्ट्राच्या पानावर आजही जिल्हे पस्तीसच आहेत. पालघर १ ऑगस्ट २०१४ला झाला, त्याचा पेनड्राइव्हला पत्ता नाही. तिथे औरंगाबाद आहे, उस्मानाबाद आहे, अहमदनगर आहे. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर अजून यायचे आहेत. काही पेनड्राइव्हांत तर २००६पासून बेदखल झालेला प्लूटो अजून नववा ग्रह म्हणून मजेत फिरतोय.

पोरगं तेच पाठ करतं. पेपरात चूक येते. मार्क पोराचे जातात.

प्रत कधी उतरवली, कुठून उतरवली, एवढी एक ओळ फोल्डरच्या नावात घालायला काय लागतं? फोल्डरचं नाव काय असतं, सांगतो : ‘न्यू फोल्डर २ फायनल नवीन’.

त्यात शाळांचे ब्लॉग उतरवलेले असले तर मुलांचे फोटो येतात. नावासकट, इयत्तेसकट, कधी पालकांच्या मोबाइल नंबरसकट. पुढे एखाद्या आईने तक्रार केली म्हणून त्या शाळेने फोटो काढून टाकला, तरी आपल्या पेनड्राइव्हवर तो आहेच. आणि पेनड्राइव्ह केंद्रप्रमुखांपासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत हिंडतो आहे. मजकुराच्या मालकीवर भांडणारे दोन्ही तट इथे गप्प. पोरांच्या चेहऱ्यावर कॉपीराइट कुणाचा, हा प्रश्न पडायला आधी ती आपली पोरं असावी लागतात.

पण सगळ्यांत मोठी चोरी नावाची.

जिल्हा परिषदेच्या कुठल्याही ब्लॉगवाल्या शिक्षिकेला विचारा. तिने मे महिन्याच्या सुट्टीत बसून अपूर्णांकाच्या स्वाध्यायपत्रिका केल्या, भाकरीची चित्रं स्वतः काढली. जूनमध्ये त्या ब्लॉगवर टाकल्या. जुलैत त्या तिलाच दुसऱ्या जिल्ह्याच्या ग्रुपवरून आल्या. तिचं नाव गेलेलं, खाली ठळक अक्षरांत ‘संकलन’ आणि मग एका सरांचं नाव, पद, पुरस्कार आणि मोबाइल क्रमांक. तिने ग्रुपवर विचारलं तर उत्तर काय? ‘ताई, शेवटी विद्यार्थ्यांच्या हितासाठीच आहे ना?’

असेल. मग पुरस्काराचा उल्लेख कुणाच्या हितासाठी?

आपल्याकडे संकलन हा स्वतंत्र साहित्यप्रकार झाला आहे. लिहिणारा एक, उचलणारे दहा, सत्कार अकराव्याचा. आणि वर प्रामाणिकपणाची कमाल म्हणून तळाशी एक ओळ : ‘साभार : गूगल’. गूगलने कुठला धडा लिहिला? गूगलने घर दाखवलं. आभार घरमालकाचे मानायचे की पत्ता सांगणाऱ्या पानवाल्याचे?

नाव सापडत नसेल तर ‘अज्ञात’ लिहितात. सापडलं नाही असं नसतं, शोधलेलं नसतं. आणि अगदीच चांगला मजकूर असेल तर तो पु. ल. किंवा व. पु. यांच्या खात्यावर जमा होतो. त्यांनी न लिहिलेलं साहित्य आता त्यांच्या लिहिलेल्याहून जास्त भरेल.

कलम ५२ नकलेला माफी देतं. नाव खाण्याला देत नाही. त्याच कायद्याचं ५७वं कलम सांगतं की लेखकाने कॉपीराइट विकून टाकला, तरी ‘हे मी लिहिलं’ म्हणायचा त्याचा हक्क विकला जात नाही. म्हणजे पाठ उतरवून घेतलात, चालेल. खालची सही पुसलीत, तिथे तुम्ही फसलात. सोपं आहे. तरी लोक नेमकं उलटं करतात : उतरवायला घाबरतात, पुसायला नाही.

आम्हा वृत्तपत्रवाल्यांनी फार हसू नये. २०२०च्या टाळेबंदीत ई-पेपरच्या पीडीएफ टेलिग्रामवर फिरायला लागल्या तेव्हा वृत्तपत्रांनी केवढा गहजब केला. दैनिक जागरण थेट दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि टेलिग्रामला ती चॅनेल्स बंद करण्याचा आदेश झाला. बरोबरच होतं. फुकट पेपर वाटला तर आमचे पगार कुठून निघणार?

आणि त्याच काळात आमच्याच पानांवर, बातमीच्या चित्राखाली, बारीक टायपात काय छापलेलं असायचं? ‘छायाचित्र सौजन्य : इंटरनेट’.

तेच दिल्ली उच्च न्यायालय. ज्या इमारतीत झेरॉक्सवाला चार वर्षं तारखा मोजत होता, तिथेच नोव्हेंबर २०२४मध्ये एएनआय ही वृत्तसंस्था ओपनएआय कंपनीविरुद्ध गेली. आमच्या बातम्या न विचारता यंत्राला शिकवायला वापरल्या, अशी तक्रार. म्हणजे वाद पुन्हा शिकण्याचाच. फरक एवढाच की इथे विद्यार्थी यंत्र आहे आणि फी कंपनी घेते.

या असल्या यंत्रांनी इंटरनेटवर जे दिसेल ते चाळून घेतलं, पेनड्राइव्ह न लावता. आणि आपण तिसरीच्या वर्गात फुलपाखराचं जीवनचक्र दाखवावं की नाही, यावर शिक्षण परिषदेत सत्र ठेवतो. दुपारच्या जेवणानंतर.

विचारायला काय जातं, हा प्रश्न कुणालाच पडत नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात ‘ई-ग्रॅनरी’ नावाचा उद्योग सुरू झाला. संकेतस्थळांच्या मालकांकडून परवानग्या मागायच्या, मजकूर हार्डडिस्कवर भरायचा आणि नेट नसलेल्या आफ्रिकेतल्या विद्यापीठांत पोचवायचा. गठ्ठाभर पत्रव्यवहार, पण केला. आपल्याकडे दोन ओळींची मेल लिहायची तर ‘कशाला उगाच सांगायचं’ हा सल्ला तयार.

उलट सांगून बघाच. ब्लॉग चालवणाऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ‘वापरू का?’ असं विचारलेलं असतं. तो हो म्हणतो, वर न मागितलेल्या बारा फाइली पाठवतो आणि पुढच्या आठवड्यात ‘मुलांना आवडलं का?’ म्हणून फोन करतो. त्या फोनची तयारी ठेवा, तो आवरत नाही.

सरकारी संकेतस्थळांचं तसं नाही. तिथे धोरणाचं पान असतं. मजकूर फुकट वापरा, फक्त आधी आम्हाला मेल करून रीतसर परवानगी घ्या, अचूक छापा, आमचा उल्लेख करा. बऱ्याच सरकारी ठिकाणी हाच मसुदा चिकटवलेला आढळतो. ‘कॉपी-पेस्ट’ची परवानगी त्यांनी एकमेकांकडे मागितली होती का, कुणास ठाऊक.

तर गुरुजी, तुम्ही मेल करा. नाव, शाळा, केंद्र, तालुका, कोणतं पान हवं, कोणत्या इयत्तेला, सगळं लिहा. पाठवा. दहा मिनिटांत उत्तर येईल : मेलबॉक्स भरलेली आहे, आपला संदेश पोचू शकला नाही.

त्याची प्रिंट काढा आणि दप्तरी लावा. उद्या कुणी विचारलंच, तर सरकारकडून मिळालेला तेवढा एकच कागद तुमच्याकडे असेल.